हरी तांडेलाचं मशीन

भंगाराच्या दुकानात माणूस सरळ आत येत नाही. आधी बाहेर उभा राहतो, रस्त्यावर ओळखीचं कोणी नाही ना ते बघतो आणि मग हळूच पिशवी पुढे करतो. सोनाराकडे दागिना मोडायला गेलेला माणूससुद्धा इतका संकोचत नाही. रत्नागिरीत तीसेक वर्षं मी हे बघितलं. आधी माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे वस्तू दुरुस्त करण्यापेक्षा नवी आणणं लोकांना सोपं वाटायला लागलं, तेव्हा मी त्याच वस्तू तोडून विकायला लागलो. पाटी तीच ठेवली. दोन वर्षांपूर्वी गुडघे दुकानाची पायरी चढेनासे झाले आणि शटर कायमचं खाली ओढलं.

दिवाळी अंकात अधूनमधून माझं काहीबाही येतं. यंदा संपादक घरी आले आणि म्हणाले, "नाना, धंद्यातल्या गमती लिहा." लिहितो म्हटलं, पण गमतींनंतर एक गोष्ट येईल, ती कापायची नाही. ते हसून हो म्हणाले. त्यांना वाटलं असणार, म्हातारा देशाच्या परिस्थितीवर काहीतरी लिहिणार.

तर आधी गमती.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये सोनं असतं ही बातमी कुठून तरी लांज्यापर्यंत पोचली आणि तिथला एक काजूवाला गोणभर सर्किटबोर्ड घेऊन माझ्याकडे आला. खुर्ची ओढून समोर बसला. म्हणाला, "काढा. माझ्यासमोर काढा." मी त्याला बोर्डाच्या कडेची पिवळी पट्टी दाखवली. म्हटलं, हे सोनं खरं, पण कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. ते काढायला ॲसिड लागतं आणि त्याच्या वाफेने काढणाऱ्याची छाती जाते. मी असले उद्योग करत नाही. मी तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड वेगळं करतो आणि बोर्ड तसेच मुंबईच्या व्यापाऱ्याला पाठवतो.

"म्हणजे सोनं मुंबईवाला काढतो?"

"हो."

"मग मी मुंबईलाच जातो की!"

गोण उचलून गेला. आठ दिवसांनी तीच गोण घेऊन परत आला. मुंबईवाल्याने त्याला दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने दारातूनच हात हलवला. "घ्या तुमच्या भावाने," म्हणाला आणि वर काजूची पुडी माझ्या टेबलावर ठेवली. "ही कशाला?" विचारलं, तर म्हणे, "खरं बोलल्याबद्दल. पहिल्यांदाच ऐकायला पाहिजे होतं." खरं बोलण्याबद्दल मला मिळालेलं ते एकमेव बक्षीस.

एका पतसंस्थेतला कारकून जुन्या हार्डडिस्क घेऊन यायचा. हार्डडिस्क म्हणजे कॉम्प्युटरची स्मरणाची पेटी. ती नुसती पुसली तरी जाणकार माणूस आतलं परत काढू शकतो. म्हणून मी प्रत्येक पेटीला त्याच्यासमोर ड्रिलने तीन भोकं पाडायचो. कारकून इतका काटेकोर, की प्रत्येक डिस्क डोळ्याला लावून भोकातून वर बघायचा. "आता यातनं फक्त आकाश दिसतं, नाना," म्हणायचा आणि वहीत बरोबरची खूण करायचा. त्या ड्रिलचा मला फार अभिमान होता. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो, माझ्या दुकानातून वस्तू बाहेर जाते, कोणाची माहिती जात नाही.

एक निवृत्त शिक्षिका गेलेल्या यजमानांचा कॉम्प्युटर घेऊन रिक्षातून आल्या. म्हणाल्या, तोडण्याआधी एकदा चालू करून दाखवा. केला. आत एकच फोल्डर आणि त्यात फक्त पत्रं. नावं ओळीने: गटार १, गटार २, गटार ३, थेट गटार एकेचाळीसपर्यंत. घरासमोरच्या तुंबलेल्या गटाराबद्दल त्या गृहस्थांनी अकरा वर्षं अर्ज केले होते. "हे आमचे हे," बाई म्हणाल्या. मी विचारलं, "गटार झालं का मग?" "कसलं होतंय!" त्यांनी शेवटच्या पत्राची प्रत काढून मागितली, खाली स्वतःची सही केली आणि मग कॉम्प्युटर माझ्या ताब्यात दिला. पुढे ते गटार झालं की नाही, मला माहीत नाही.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी घाटावरच्या भंगारवाल्याला सहसा ठाऊक नसते. आमच्या किनाऱ्यावर मशीन मरत नाही, त्याला खार धरतो. समुद्राची हवा जोडांत शिरते, तांब्यावर हिरवी बुरशी यावी तसा थर येतो, वीज पुढे जात नाही आणि मालक म्हणतो, मेलं. मी ते मेलेलं म्हणून वजनावर घ्यायचो. जुना टूथब्रश, थोडं स्पिरिट, पत्र्यावर दोन दिवस ऊन. निम्मी मशिनं उठून बसायची. मेलेल्याच्या भावात घेतलेली वस्तू जिवंत म्हणून विकायची, यावर माझा संसार चालला. त्यात मी काही वावगं मानलं नाही, आजही मानत नाही.

तारा जाळून तांबं काढलं, त्याचा काळा धूर शेजारच्या काजूबागेत जायचा. टीव्हीच्या फुटक्या नळ्या पडीक चिरेखाणीत टाकल्या. ते करायला नको होतं, असं आता वाटतं. पण मला झोपू न देणारी गोष्ट वेगळी आहे.

बंदर जवळ असल्यामुळे माझ्याकडे बोटींवरचं सामानही यायचं. वायरलेस, मासे दाखवणारी स्क्रीन, जीपीएस. ज्यांनी समुद्र फक्त किनाऱ्यावरून बघितला त्यांच्यासाठी सांगतो. मासा समुद्रभर सारखा पसरलेला नसतो. पाण्याखाली खडक असतात, त्यांच्या आसऱ्याला चांगला मासा राहतो. आणि जाळं फाटतं तेही त्याच खडकांवर. खडक नेमका कुठे आहे आणि त्याच्या कुठल्या अंगाला जाळं टाकायचं, हे ज्याला कळतं तो तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य. पूर्वीचे तांडेल किनाऱ्यावरचा डोंगर आणि देवळाचं शिखर एका रेषेत धरून जागा ओळखायचे. पुढे जीपीएस आलं. जागा सापडली की बटण दाबायचं, स्क्रीनवर एक फुली उमटते. तिला पॉइंट म्हणतात. तांडेल आपले पॉइंट सख्ख्या भावाला सांगत नाही.

हरी तांडेलाचे पॉइंट आमच्या बंदरात नावाजलेले होते. हरीला लिहितावाचता येत नव्हतं. बटणं दाबायचा त्याचा खलाशी सदा. म्हणजे ते पॉइंट पृथ्वीवर दोघांनाच ठाऊक. हरी हृदयविकाराने गेला, तेव्हा त्याच्या बायकोने, सुभद्रावहिनीने, बोट विकली नाही. सदाला तांडेल केलं. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असताना जुन्या जीपीएसची स्क्रीन काळी पडली. सदाने वहीत उतरवून ठेवलेले पॉइंट नव्या मशीनमध्ये भरले. नारळी पौर्णिमेआधीच्या साफसफाईत वहिनीने जुनं मशीन, दोन वायरलेस आणि वायरचं एक भेंडोळं माझ्या दुकानात आणून टाकलं.

"मेलाय तो," जीपीएसकडे बोट दाखवून म्हणाली. "सदा बोलला, भंगारात द्या."

मी टूथब्रश काढला. तिसऱ्या दिवशी बारा व्होल्टची बॅटरी जोडली आणि स्क्रीन उजळली. आतल्या नाण्याएवढ्या सेलने सगळं जपून ठेवलं होतं. काळ्या पाण्यावर फुल्याच फुल्या. हरी तांडेलाचा सगळा जन्म माझ्या टेबलावर पडला होता.

ते काय आहे हे मला कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. बघताक्षणी कळलं. पुसायला चार बटणं पुरतात, तीही मला माहीत होती. उद्या पुसू म्हटलं आणि मशीन तसंच चालू ठेवून चहा प्यायला गेलो.

परत आलो तर खाडीपलीकडचा एक बोटमालक स्क्रीनवर वाकलेला. त्याला दुसऱ्या बोटीसाठी जुनं मशीन हवं होतं. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "नाना, ह्या कुनाचा?"

"भंगारात आलंय."

"पुसलात नाय ना काय?"

"पुसणार आहे."

"नको पुसू." एवढंच. त्याने भाव केला नाही. बोटमालक भाव करत नाही हे मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मी बॅटरी सोडवली आणि मशीन वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. मनात म्हटलं, मेलेला माणूस काही मासे पकडायला जात नाही. पतसंस्थेच्या डिस्कला तीन भोकं पाडणारा तो मीच.

दिवाळीच्या सुमाराला पलीकडची बोट हरीच्या खडकांवर दिसायला लागली. एकदा नाही, रोज. नेमक्या त्याच जागी, नेमक्या त्याच अंगाला. बंदरात कुजबुज सुरू झाली आणि एका सकाळी मी बांगडे घ्यायला धक्क्यावर गेलो असताना, लिलाव चालू असताना, सुभद्रावहिनी टोपल्या ओलांडत सदासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज लिलावाचा, सगळ्या धक्क्याला ऐकू जाणारा.

"माज्या घोवाचा दर्या विकलास तू!"

सदा म्हणाला, "वयनी, आईशपथ नाय."

"मग कोन? दोगांनाच ठावक होता. एक मेला."

तो पुन्हा म्हणाला, "नाय वो वयनी." तिचा हिशेब त्यालाही बरोबर वाटत होता. स्क्रीन गेली म्हणजे आतलं सगळं गेलं, अशी त्याची समजूत. मी चारपाच पावलांवर उभा होतो. पिशवीत बांगडे. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण मग बंदरातलं कोण माझ्याकडे पुन्हा सामान आणणार? माझ्या दुकानातून माहिती जात नाही, हे मी गावभर सांगून ठेवलं होतं. मी घरी आलो. बांगडे खाल्ले.

पॉइंट विकणाऱ्याला कुठलाच तांडेल बोटीवर घेत नाही. आमच्या बंदरात सदाला कोणी घेतलं नाही, शेजारच्या बंदरातही नाही. जयगडला कामाला गेलाय असं ऐकलं. मग ऐकू येणंही थांबलं. मीही कोणाला विचारलं नाही.

याला बारातेरा वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला हातखंब्याला उतरलो होतो, लांज्याची गाडी पकडायला. उन्हाने डोळ्यापुढे अंधारी आली आणि टायरवाल्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसलो. एका माणसाने पाणी आणून दिलं. केस पांढरे, हात कोपरापर्यंत काळे.

"नाना ना तुमी? माज्या घरचा टीवी तुमीच केलेलात. सदा मी."

तो पाचसहा वर्षं तिथे टायर काढत होता. समुद्रावर जात नाहीस का, असं विचारण्याचा निर्लज्जपणा मी केला. तो हसला. "कोन नेतंय? पॉइंट विकनारा मी." मग माझ्या शेजारी बसला आणि गाडीची वाट बघता बघता सहज विचारावं तसं विचारलं, "तुमाला काय वाटतं नाना? विकले असतील मी?"

"नाही," मी म्हटलं.

"तुमीच पयले बोललात असा," तो म्हणाला. गाडी आल्यावर माझी पिशवी वर चढवून दिली.

त्यानंतर दीड महिना मी घरात नीट बसलो नाही. जेवताना बायको विचारायची, काय झालंय, आणि मी गुडघ्यांवर ढकलायचो. शेवटी एक दिवस पुन्हा हातखंब्याला गेलो. तो ट्रकचं चाक खोलत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सांगताना वाटलं होतं, मारेल. निदान शिवी देईल.

त्याने पाना खाली ठेवला. "पन तो मेलेला ना?"

"मेला नव्हता. खार धरला होता."

"पॉइंट होते आत? सगळे?"

"सगळे."

त्याने चाकाचे सुटे नट गोळा करून डब्यात टाकले. मग म्हणाला, "मीच बोल्लो वयनीला, भंगारात द्या. पुसून द्यायचा माज्या डोक्यातच नाय आला." माझ्या पापात तो स्वतःचा वाटा शोधत होता. मी म्हटलं, "सदा, चूक तुझी नाही रे." तेव्हा पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "ता मला कशाला सांगताव? मला ठावक हाय माजी नाय ता. वयनीला सांगा!"

हेच मला नको होतं. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो होतो, की वहिनीला कळलं तर तिला काय वाटेल? मशीन तिनेच आपल्या हाताने माझ्याकडे दिलेलं. माझा गप्पपणा म्हणजे तिच्यावरची दया. भित्र्या माणसाला असली कारणं बरोबर सुचतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. सुभद्रावहिनी आता थकली आहे, बोट पुतण्या बघतो. ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मी बोलत होतो तोवर तिचे हात चालू होते. संपलं तेव्हा थांबले.

"म्हंजे मीच दिलं," ती म्हणाली.

"वहिनी, तुम्ही भंगार दिलंत. पॉइंट मी दिले."

"गप ऱ्हावा तुमी!" ती कडाडली. "त्या दिशी धक्क्यावर व्हतास ना तू? माज्या डोल्यांनी बगितलंय. पिशवी घेऊन उभा व्हतास." तुमीवरून ती तूवर आली होती, आणि तेच बरोबर होतं. "सदाची बायको पोरं घेऊन म्हायेरी ऱ्हायली दोन वर्सं. आनि तू बांगडे घेऊन घरी गेलास?"

मी म्हणालो, "मी त्याला घेऊन येतो, तुम्ही त्याच्याशी बोला."

"हितं नाय. शब्द जितं बोलला, तितंच मागं घ्यायचा आमच्यात. उद्या लिलावाला. तू पन यायचास."

त्याच दिवशी सदाच्या घरी गेलो, तर तो यायला तयार नव्हता. सुट्टी नाही म्हणाला. शेवटी त्याची बायको म्हणाली, "तुमी नाय गेलाव तर मी जातंय," तेव्हा उठला.

लिलाव भरात होता. टोपल्या, बर्फ, आरडाओरडा. सुभद्रावहिनी पुतण्याच्या खांद्याला धरून मध्ये आली आणि लिलाव बोलणाऱ्याला म्हणाली, "थांब जरा." तो थांबला. तिने सदाकडे बघितलं. "सदा, मी हितं बोल्लेली तू घोवाचा दर्या विकलास. ता खोटा. मी मागं घेतंय." मग माझ्याकडे वळली. "आता ह्यो बोलंल."

मी बोललो. काय बोललो ते नीटसं आठवत नाही, थोडक्यात बोललो. मागून कोणीतरी म्हणालं, "बारा वर्सांनी उगवला म्हातारा!" दुसरा म्हणाला, "आमचाबी वायरलेस दिलेला ह्याला, त्यातला काय विकलान कोन जाने." एक बाई माझ्या पायाशी थुंकली. मी तिथेच उभा राहिलो. यात तक्रार करण्यासारखं काही नाही.

एका तांडेलाने सदाला हाक मारली, "परवापासून ये माज्या बोटीवर." सदाने नकारार्थी मान हलवली. "नको. आता पाय डुगडुगतात बोटीत. टायरच बरा." तो म्हणाला ते खरंच असावं, तो रागाने बोलला असं मला वाटलं नाही. वहिनीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिचा हात पोचावा म्हणून त्याला वाकावं लागलं.

गर्दी पांगली तेव्हा तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, माफ केलं असं काहीतरी म्हणेल. तसं काही तो म्हणाला नाही.

"हितल्यांनी ऐकला," म्हणाला. "अर्धी वाडी मुंबैला हाय. माजा मेवना, माजे चुलते. त्यांना कोन सांगनार? तुमी ता दिवालीच्या अंकात लिवताव ना? तो अंक मुंबैला जातो."

"जातो."

"मग त्यात लिवा. आनि सदा नको लिवू. पुरा लिवा. आडनाव वाडीत सगल्यांचा येकच, तर बापाचा नाव घाला, म्हंजे दुसऱ्या कोनावर जायाचा नाय."

त्याने सांगितलं तसं लिहितो. हरी तांडेलाचे पॉइंट सदानंद गोविंद याने कोणालाही विकले नाहीत, सांगितले नाहीत, दाखवले नाहीत. ते मी विकले.